पुस्तकातलं आहे ते

कुंदामावशी गेल्याची बातमी आली तेव्हा मी त्यांना दंड ठोठावला.

हिंजवडीला जाणारी कंपनीची बस नेहमीप्रमाणे पुलाखाली अडकली होती. चष्मा बॅगेत, बॅग वरच्या फळीवर आणि हातात मोबाइल. ‘चालू वाचक’ या आमच्या ग्रुपवर मावशींच्या नंबरवरून दोनच शब्द आले होते, ‘संपलं सगळं.’ आता आमच्या ग्रुपचा एक कडक नियम असा, की जे पुस्तक वाचून संपलं त्याबद्दल तिथे अवाक्षर काढायचं नाही. नियम खुद्द मावशींचा. तो त्यांनीच मोडलेला पाहून मला इतका आनंद झाला की मी लगेच लिहिलं, ‘मावशी, संपलं की गप्प बसायचं ना? दंड म्हणून रविवारी भजी तुमच्याकडे.’ पुढे एक हसरं तोंड टाकलं. त्याला कोणीतरी अंगठासुद्धा दिला. मग माझ्या बायकोचा, माधुरीचा फोन आला. ‘अहो, ग्रुपवर काय लिहिलंयत म्हणे, ते आधी पुसा. मावशी गेली,’ म्हणाली आणि फोन ठेवला.

मावशी सकाळी उठल्याच नव्हत्या. दुधाची पिशवी दाराला तशीच लटकलेली पाहून त्यांच्या भाच्याने, शेखरने आपल्याकडच्या किल्लीने दार उघडलं. लोकांना कळवायला त्यांचाच मोबाइल उचलला, तर त्यावर आमचा ग्रुप उघडा होता. त्याने तिथेच लिहिलं. माझी भजी मी पुसली, पण तोवर ती वाचायची त्यांनी वाचली होती. तेराव्यापर्यंत नातेवाईक माझ्याकडे जरा वेगळ्याच नजरेने बघत होते, आणि मी कोणाला काही समजावायच्या फंदात पडलो नाही. समजावायचं म्हटलं तर अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं असतं. तेच आता, महिना उलटून गेल्यावर, सांगतो आहे.

कुंदामावशी म्हणजे माधुरीच्या आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे त्यांनी उभा जन्म मुद्रितं तपासली. व्याकरणाची पुस्तकं, गाईडं, आरोग्यविषयक सल्ले, कोणाकोणाची आत्मचरित्रं. ‘मला कोणी विचारलंच नाही हो विनायकराव, की बाई, हे पुढे वाचावंसं वाटतंय का तुला,’ असं त्या म्हणायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी ठरवलं की यापुढे आवडेल तेच वाचायचं आणि आवडेल तिथवरच वाचायचं. आणि आवडायला लागलं ते काय, तर चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींसाठी लिहिलेल्या कादंबऱ्या. अप्पा बळवंत चौकातून पिशवी भरून आणायच्या. दुकानदार विचारायचा, ‘नातवासाठी का?’ मावशी म्हणायच्या, ‘नाही, नातवाला पाठ्यपुस्तकं आहेत. माझ्यासाठी.’

एकदा मी त्यांना विचारलं, की मावशी, या वयात हे काय? त्यांनी माझ्याकडे चुकीच्या वेलांटीकडे बघावं तसं बघितलं. ‘मोठ्यांच्या कादंबऱ्यांतली माणसं पहिल्या पानावरच आटोपलेली असतात. पुढची तीनशे पानं नुसता पंचनामा. सोळा वर्षांचं माणूस अजून चालू असतं.’ यातूनच मंडळाचं नाव आलं. सध्या जे पुस्तक वाचायला घेतलं आहे, जे अजून हातात चालू आहे, त्याच्याबद्दलच बोलायचं, म्हणून ‘चालू वाचक’. ‘चालू’चा दुसरा अर्थ त्यांना माहीत नव्हता असं समजायचं कारण नाही. शेखर वैतागला होता. ‘आत्या, नाव तरी बदल, सोसायटीत हसतात लोक.’ मावशी म्हणाल्या, ‘हसू देत. एवढ्यावरच हसतात ना, मग ठीक आहे.’

सहकारनगरच्या त्या इमारतीत मावशी पहिल्या मजल्यावर आणि शेखरचं कुटुंब तिसऱ्या. रविवारी दुपारी मावशींच्या बाहेरच्या खोलीत आमची बैठक. आम्ही म्हणजे फार कोणी नाही. शेखरची मुलगी इरा, अकरावीतली. समोरच्या फ्लॅटमध्ये आणखी दोन मुलींबरोबर राहणारी, यवतमाळहून नोकरीसाठी आलेली प्रणाली. आणि मी, पन्नाशीचा, पोट सुटलेला, हिशेब खात्यातला. शेखर ग्रुपवर नावापुरता होता, माधुरी तेवढीही नव्हती. ‘घरातली पोरं वाढवताना झालं माझं ते वाचून,’ असं ती म्हणायची.

पहिल्या रविवारी मी माझ्या कुमार-कादंबरीवर बऱ्यापैकी तयारी करून गेलो होतो. ‘लेखकाने वसतिगृहातलं जीवन समर्थपणे रेखाटलं आहे,’ अशी सुरुवात केली. मावशींनी हात वर केला. ‘थांबा. असली वाक्यं मी हजारांनी तपासली आहेत. यात वाचणारा कुठे आहे?’ आणि मग दुसरा नियम सांगितला. पुस्तकातल्या माणसाच्या जागी उभं राहून बोलायचं. तो मुलगा, ती मुलगी असं नाही. मी. ‘मी आज शाळेत गेलो नाही, कारण…’ असं. आधी फार लाज वाटली. टक्कल पडलेल्या माणसाने ‘मी नववीत आहे आणि मला वर्गात मित्र नाही’ असं म्हणायचं म्हणजे काय… पण दोन वाक्यं बोललो आणि तिसऱ्याला माझा आवाज खरंच जरा चमत्कारिक झाला. इरा एकदम म्हणाली, ‘काका, तुमचे बाबा वाईट नाहीयेत, त्यांना फक्त विचारायची सवय नाहीये.’ मी म्हटलं, मला तर ते वडील पटले होते. ‘तुम्हाला प्रत्येक पुस्तकात वडीलच पटतात,’ इरा म्हणाली. प्रणाली तिकडून म्हणाली, ‘आता काका स्वतःच बाप आहेत, तर काय करतील बिचारे?’ मावशी खूश होऊन चहा टाकायला उठल्या.

या दुसऱ्या नियमाने माझी फजिती व्हायची ती झालीच. बसमध्ये बसून, ऑफिसचं माहितीपत्रक पुस्तकाला कव्हरासारखं घालून मी एक कादंबरी वाचत होतो. रंगात येऊन ग्रुपवर लिहिलं, ‘मी आज घरी जाणार नाही. आईला सांगू नका. तिकीट काढलंय.’ मावशींनी हे कौतुकाने आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना पुढे पाठवलं. सासूबाईंनी घाबरून माधुरीला फोन केला. माधुरीने मला केला. ‘जाणार असाल तर जा, पण डबा धुऊन ठेवा,’ म्हणाली. हा किस्सा पुढे घरातल्या लग्नकार्यांत फिरला, आणि आमच्या ग्रुपवरचा ‘मी’ म्हणजे पुस्तकातला, हे सगळ्या नात्यागोत्यात माहीत झालं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

इरा आणि मावशींचं मात्र निराळंच होतं. दुपारी कॉलेजातून आली की इरा तिसऱ्या मजल्यावर जायचीच नाही. आईने दिलेली भाजीची वाटी सकाळीच मावशींकडे ठेवलेली असायची, त्या दोघी एका ताटात पोळ्या घेऊन समोरासमोर बसून जेवायच्या आणि मग इरा क्लासला जायची. गेल्या पावसाळ्यात त्यांनी एकाच कादंबरीच्या दोन प्रती आणल्या आणि बरोबरीने वाचायला घेतल्या. कोकणातल्या एका खाडीकाठच्या गावात आजोबांबरोबर जुनी होडी दुरुस्त करणाऱ्या मुलीची गोष्ट. दुसऱ्याचं चालू पुस्तक आपण उघडायचं नाही हा शिरस्ता असल्यामुळे आम्हाला ती इराच्या तोंडूनच कळायची. ‘मी आज फळीला डांबर लावलं. हाताचा वास जात नाहीये.’ ‘मला पोहता येत नाही हे मी आजोबांना सांगितलेलं नाही.’ मी रोज बसमध्ये तिच्या होडीची वाट बघायचो, इतकी ती छान लिहायची.

आणि मग एका दिवशी तिने लिहिलं, ‘मी परीक्षेला बसणार नाहीये. माझं ठरलंय. रोज दप्तर घेऊन निघते, मागच्या बाकावर बसते आणि परत येते. घरी सांगायची हिंमत नाही. सांगितलं तरी कोणाला कळणार आहे?’ प्रणालीने खाली लाल बदाम टाकला. मी विचारलं, ‘आणि होडीचं काय झालं?’

शेखर ग्रुप कधीच वाचायचा नाही. नेमका तेवढाच निरोप त्याने वाचला. पुढच्या रविवारी आमची बैठक चालू असताना तो मोबाइल पुढे धरून आत आला. त्याच्या मागे, चपलांच्या कपाटाला टेकून इरा उभी. ‘हे काय आहे, आत्या?’ म्हणून त्याने तो मजकूर मोठ्याने वाचला. इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेसाठी त्याने तिला दहावीपासूनच क्लास लावला होता. स्वतःला जे जमलं नाही ते तिला जमावं, ही त्याची साधी इच्छा होती आणि ती त्याने कधी लपवलीही नव्हती. शेवटचं वाक्य त्याने दोनदा वाचलं. मावशींनी त्याच्या हातातून मोबाइल घेतला, चष्मा काढून पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि ते सगळं स्वतःशी एकदा वाचलं. मग म्हणाल्या, ‘पुस्तकातलं आहे ते.’

‘नक्की?’

‘मी तेच पुस्तक वाचते आहे. मला नाही माहीत, तर कोणाला?’

मीही मध्ये पडलो. ‘अरे शेखर, मी नव्हतो का घर सोडून निघालो?’ असं म्हणून हसलो. शेखर हसला नाही. पण त्याचा चेहरा थोडा सैल झाला, आणि सैल झाल्यावर तो चिडला. घाबरलेला माणूस सुटला की चिडतो तसा. ‘म्हणजे असली पुस्तकं देतेस तू तिला? परीक्षेला बसू नका सांगणारी? बारावी तोंडावर आलेली असताना?’ मावशी म्हणाल्या, ‘हो, मी दिलं. चुकलं माझं.’ मावशींनी ‘चुकलं’ हा शब्द स्वतःबद्दल उच्चारलेला मी पहिल्यांदाच ऐकत होतो. शेखरने इराला तिथल्या तिथे ग्रुप सोडायला लावला. बारावी होईपर्यंत पुस्तकं नाहीत, रविवार नाहीत, आणि दुपारचं जेवण वरच. इरा खाली फरशीकडे बघत उभी होती. मला तिचा भारी राग आला. नुसतं ‘बाबा, आजी खरं सांगते आहे’ एवढं म्हणायला काय झालं होतं या पोरीला?

तो राग मी पुढे बरेच महिने बाळगला. मावशींच्या घरी जायचो आणि तो वाढायचा. वरून डबा यायचा, पण तो कामवाल्या बाईंच्या हातून. इरा लिफ्टने जायची, पहिल्या मजल्यावर थांबायची नाही. मावशी दुपारी दार किंचित उघडं ठेवून जेवायला बसायच्या. बाहेर लिफ्टचा आवाज आला की हातातला घास थोडा थांबायचा, आणि लिफ्ट वर गेली की पुन्हा चालू. प्रणालीने एकदा सरळ विचारलं, ‘मावशी, तुम्ही काऊन चूप राहिल्या? पुस्तक दाखवून द्यायचं ना त्यांना, पान उघडून.’ मावशी म्हणाल्या, ‘जेव तू. भात निवतोय.’ शेखरला त्यांनी एकदाच विचारलेलं मला माहीत आहे, की रविवारी तासभर तरी पाठव तिला. ‘बारावी होऊ दे, आत्या. मग आहेच की,’ तो म्हणाला. ‘तोवर मी आहे का?’ ‘असं बोलू नये.’ विषय संपला.

आणखी एक आठवतं. थंडीच्या सुरुवातीला त्यांनी मला फोन करून विचारलं, ‘विनायकराव, तुमच्या ऑफिसात ती नवी मुलं येतात ना, त्यांना विचाराल का, की ही परीक्षा न देता बारावीनंतर काय काय करता येतं? नीट विचारा, कॉलेजांच्या नावांसकट.’ मला वाटलं, नव्या कादंबरीची तयारी. मी म्हटलं, ‘मावशी, परीक्षा न देता हिंजवडीत फक्त बसच्या रांगेत उभं राहता येतं.’ नेहमी अशा वाक्याला त्या एक टोला परत द्यायच्या. त्या दिवशी नुसतं ‘बरं’ म्हणाल्या.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दुधाची पिशवी दाराला लटकलेली राहिली.

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. शेखर बोलला. आत्याने घरात वाचनाची गोडी लावली, असं म्हणाला. मी बसल्या जागी चुळबुळलो, पण त्याचे डोळे खरेच भरले होते. सगळ्यांना वाटायला त्याने स्तोत्रांची एक पुस्तिका छापून घेतली होती, मागे मावशींचा फोटो. मावशींना स्तोत्रं म्हणताना कोणी ऐकलेलं नव्हतं. आणि मुखपृष्ठावर, जन्मभर मुद्रितं तपासलेल्या बाईच्या नावाखाली, ‘स्मृतिप्रीत्यर्थ’ या एका शब्दात दोन चुका. दाराशी खुर्ची टाकून बसलेली इरा येणाऱ्याच्या हातात पुस्तिका देत होती. माझी प्रत घ्यायला गेलो तर ती गठ्ठा मांडीवर घेऊन एकेका प्रतीवर लाल पेनाने दोन्ही वेलांट्या दुरुस्त करत होती. शेखर जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाला, ‘काय चाललंय?’ ‘दुरुस्ती,’ ती म्हणाली आणि पुढची प्रत उचलली. माझा राग तिथेही गेला नाही. आता कसली दुरुस्ती, असंच मनात आलं.

निघताना शेखर म्हणाला, आत्याच्या पुस्तकांतलं हवं ते आठवण म्हणून न्या. माधुरीने पलंगाजवळच्या टेबलावरचं, मध्ये खूण घातलेलं ते होडीचं पुस्तक उचललं. मी हात लावला नाही. ते मावशींचं चालू पुस्तक होतं. माधुरी मंडळाची सभासद नव्हती, त्यामुळे तिला कुठलेच नियम लागू नव्हते. रोज स्वयंपाक झाला की ओट्यापाशी स्टूल ओढून ती वाचायची. चार-सहा दिवसांनी मी जेवत असताना तिने ते माझ्या ताटाशेजारी ठेवलं.

‘अहो, यात परीक्षाच नाही.’

‘म्हणजे?’

‘सगळं वाचलं मी. होडी आहे, आजोबा आहेत, ती मुलगी पोहायला शिकते. सगळी गोष्ट उन्हाळ्याच्या सुट्टीतली आहे. शाळा उघडायच्या आत पुस्तक संपतं. परीक्षेचं नावसुद्धा नाही.’

मी पोळी ताटात ठेवून पुस्तकातली खूण बघितली. ती अर्ध्याच्या बरीच पुढे होती, आणि इरा येईनाशी झाल्यावर मावशी एकट्या पुढे गेल्या नसणार. म्हणजे मावशींना त्या रविवारी, चष्मा पुसता पुसता, नीट ठाऊक होतं की हे कुठलं पुस्तक नाही.

माधुरीने दुसऱ्या दिवशी इराला घरी बोलावून घेतलं. पुस्तक समोर ठेवलं, रागावली नाही. इरा आधी पुस्तकाकडे आणि मग खिडकीबाहेर बघत राहिली. ‘घरी सांगायचं धाडस नव्हतं, म्हणून तिथे लिहिलं,’ म्हणाली. ‘वाटलं, पुस्तकातलं म्हणून खपून जाईल. आजीला मात्र कळेल. तेवढंच हवं होतं मला. बाबा वाचतील असं वाटलंच नव्हतं.’ मावशींनी त्याच संध्याकाळी तिला फोन केला होता. म्हणाल्या होत्या, ‘मी वेळ मिळवून दिलाय तुला. आता घाई करू नकोस. ठरलं की ये, आपण दोघी मिळून त्याला सांगू.’ माधुरीने विचारलं, ‘मग गेली का नाहीस? बाबा दिवसभर कामावर असतात.’ इरा म्हणाली, ‘गेले असते तर तिने विचारलं असतं, ठरलं का… आणि माझं ठरतच नव्हतं. ती काही विचारणार नाही याची खात्री असती, तर रोज गेले असते.’ आणि मग ती जी रडायला लागली ती… मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी पिऊन आलो.

वडिलांना तिचं तिनेच सांगितलं, त्याच आठवड्यात. दुसऱ्या दिवशी शेखर आमच्याकडे आला. खुर्चीच्या टोकावर बसला. ‘भाऊजी, आत्या माझ्याशी खोटं बोलली?’ मी म्हटलं, हो. ‘माझ्याशी कधीच नाही बोलली खोटं. आणि मी तिला काय काय बोललो… इराने फोडलेला कप असता तरी तिने लगेच सांगितलं असतं, असा माझा समज.’ बराच वेळ रडला. मग तोंड धुऊन आला आणि म्हणाला, परीक्षेला बसायचं की नाही ते इरा सांगेल, मी आता विचारणार नाही. हे सगळं लिहू का, असं मी त्याला आणि तिलाही विचारलं. इरा ‘लिहा’ म्हणाली. शेखर म्हणाला, ‘लिहा, फक्त नावं बदला.’ ती बदलली आहेत.

तो गेल्यावर मला जरा हलकं वाटत होतं. गैरसमज मिटला, बाप-लेक बोलायला लागली, मावशींना समाधान वाटलं असतं, असं काहीतरी मी म्हणालो. माधुरी चहाचे कप गोळा करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, ‘इराचं सांगून झालं, शेखरचं रडून झालं, तुमचंही आता लिहून होईल. मावशी मात्र शेवटपर्यंत एकटीच जेवली.’